टाइट जंक्शन आणि दोन पेशींमधली वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतड्याचं अस्तर, मूत्रपिंडातल्या नलिका, मूत्राशय, त्वचा या सगळ्यांना आत आणि बाहेर वेगळं ठेवावं लागतं. त्यासाठी शेजारशेजारच्या पेशींमधली फट सांभाळावी लागते आणि ते काम टाइट जंक्शनमधली प्रथिनं करतात. या विषयावर येणाऱ्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते : फट जितकी बंद, तितकं शरीर निरोगी. ही समजूत खरी नाही. प्रत्येक अवयवाला आपापल्या कामापुरती गळती लागते, आणि ती किती व कशाची असावी हे फार बारकाईने ठरलेलं असतं.

टाइट जंक्शन नेमकं असतं कुठे?

अभिस्तर ऊतीतल्या (अवयवांना आतून-बाहेरून मढवणाऱ्या अस्तरातल्या) पेशी बाजूबाजूने चिकटून एक सलग थर बनवतात. प्रत्येक पेशीचं एक टोक पोकळीकडे असतं (आतड्यात अन्नाकडे, मूत्रनलिकेत गाळलेल्या द्रवाकडे) आणि दुसरं रक्तवाहिन्यांच्या दिशेला. दोन पेशींच्या बाजूंमध्ये साधारण १५ ते २० नॅनोमीटरची फट असते. पोकळीकडच्या टोकाजवळ मात्र समोरासमोरची पटलं (पेशींची पातळ आवरणं) जागोजागी इतकी जवळ येतात की फट उरतच नाही. ही जागा प्रत्येक पेशीभोवती पूर्ण वेढा घालते. तिच्या खाली ॲधरेन्स जंक्शन आणि त्याखाली डेस्मोसोम (पेशींना एकमेकींशी बांधणारे आणखी दोन जोड) असा क्रम असतो. मॅरिलिन फार्कर आणि जॉर्ज पॅलाडे यांनी १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने या तिन्हींचं वर्णन केलं.

पुढे गोठवलेला नमुना पटलाच्या मधोमध फोडून पाहायचं तंत्र आलं. त्यात टाइट जंक्शनच्या जागी सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे, एकमेकांत गुंफलेले धागे दिसले. एका पेशीतला धागा समोरच्या पेशीतल्या धाग्याला भिडतो आणि तिथे फट मिटते.

एखादा पदार्थ थर ओलांडतो तो पेशीच्या आतून की पेशींच्या मधून?

दोन्हीकडून. पेशीच्या आतून जाताना वाहक प्रथिनं आणि पंप लागतात आणि त्यांच्यासाठी कुठे ना कुठे ऊर्जा खर्च होते. पेशींच्या मधली वाट निष्क्रिय असते. तिथे कोणी कोणाला ढकलत नाही; दोन्ही बाजूंच्या तीव्रतेतला किंवा विद्युत विभवातला फरक असेल तसा पदार्थ सरकतो. टाइट जंक्शन दिशा ठरवत नाही, कोणाला जाऊ द्यायचं एवढंच ठरवतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण मूत्रपिंडाबद्दलचं पुढचं उत्तर त्यावरच उभं आहे.

यात कोणकोणती प्रथिनं असतात?

पहिलं ओळखलं गेलेलं प्रथिन म्हणजे १९८६ मधलं झेडओ-१. ते पटलात नसतं, पटलाच्या आतल्या अंगाला असतं. पटलात रुतलेलं पहिलं प्रथिन, ऑक्लुडिन, जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने १९९३ साली शोधलं. धागे ऑक्लुडिनचेच असणार असं तेव्हा वाटत होतं. पण ऑक्लुडिनचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्येही धागे व्यवस्थित दिसले. त्या उंदरांना इतर अनेक त्रास झाले, पण फट मिटलेलीच होती. ज्याला मुख्य प्रथिन समजलं त्याच्याशिवायही काम चालतं, हा निकाल पचवायला वेळ लागला.

खरं उत्तर १९९८ मध्ये त्याच गटाकडून आलं : क्लॉडिन-१ आणि क्लॉडिन-२. ज्या पेशींमध्ये टाइट जंक्शन मुळातच नसतात अशा फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीतल्या पेशींमध्ये) क्लॉडिनचं जनुक घातलं, की दोन पेशी भिडतात तिथे तसेच धागे तयार होतात. याहून स्वच्छ पुरावा मागता आला नसता. आज सस्तन प्राण्यांमध्ये क्लॉडिनच्या कुटुंबात सुमारे २७ सदस्य मोजले जातात आणि प्रत्येक अवयवातलं त्यांचं मिश्रण वेगळं असतं.

बाकीची थोडक्यात : जॅम नावाची प्रथिनं पटलांना एकमेकांजवळ ठेवायला मदत करतात. तीन पेशी जिथे एकत्र येतात तो कोपरा ट्रायसेल्युलिन आणि अँग्युलिन सांभाळतात. झेडओ-१ आणि झेडओ-२ आतून क्लॉडिनना धरतात आणि पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिन तंतूंशी जोडतात. हे दोन्ही झेडओ नसलेल्या पेशींमध्ये क्लॉडिन असूनही धागे उभे राहत नाहीत, असं २००६ साली दाखवलं गेलं.

घट्टपणा धाग्यांच्या संख्येवर अवलंबून असतो का?

१९७३ साली फिलिपा क्लॉड आणि डॅनियल गुडइनफ यांनी वेगवेगळ्या अवयवांतले धागे मोजले आणि जिथे धागे जास्त तिथे अडथळा जास्त, असा संबंध मांडला. ढोबळमानाने तो बरोबर होता. पण कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एमडीसीके नावाच्या पेशींनी कोडं घातलं. त्यांचे दोन प्रकार प्रयोगशाळांमध्ये वाढवले जातात. पहिल्या प्रकाराचा विद्युत रोध (थरातून आयन वाहायला होणारा अडथळा) दुसऱ्याच्या कितीतरी पट जास्त, आणि तरीही दोन्हींतले धागे जवळजवळ सारखेच! बांधणी तीच असताना गळती इतकी वेगळी कशी?

उलगडा २००१ साली झाला. गळक्या प्रकारात क्लॉडिन-२ होतं, घट्ट प्रकारात नव्हतं. घट्ट पेशींमध्ये क्लॉडिन-२ घातल्यावर त्यांचा रोध कोसळला आणि त्या गळक्या प्रकारासारख्या वागू लागल्या. धागे कमी झाले नाहीत, तुटले नाहीत. फक्त त्यांत एक नवं प्रथिन आलं. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग आहे, कारण क्लॉडिन फट बुजवतात तसेच ते वाटही तयार करतात, हे त्यातून निर्विवाद दिसलं.

क्लॉडिन आयनांची निवड कशी करतं?

क्लॉडिनचा रेणू पटलातून चार वेळा आरपार जातो आणि त्याचे दोन वळसे पेशीबाहेर राहतात. पहिल्या, मोठ्या वळशातल्या अमिनो आम्लांवरचे प्रभार निवड ठरवतात. क्लॉडिन-२ मध्ये ६५व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल आहे. त्याचा ऋण प्रभार सोडियम आणि पोटॅशियमसारख्या धन आयनांना ओढतो, क्लोराइडला दूर ठेवतो. तो प्रभार काढला की निवडकपणाही जातो. या छिद्राचा व्यास सुमारे ०.६५ नॅनोमीटर असल्याचा अंदाज आहे, म्हणजे सोडियमला आपल्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंपैकी काही सोडूनच आत शिरावं लागतं. पाणीही या वाटेने जातं.

सगळेच क्लॉडिन असे नाहीत. क्लॉडिन-१, ३ आणि ५ मुख्यतः वाट बंद करतात. क्लॉडिन-१७ ऋण आयनांना सोडतं. क्लॉडिन-१० ची तर दोन रूपं आहेत : एक ऋण आयनांना सोडतं, दुसरं धन आयनांना. एकाच जनुकापासून दोन उलट स्वभावाची छिद्रं निघतात, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

२०१४ साली उंदराच्या क्लॉडिन-१५ ची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली आणि छिद्राच्या आकाराबद्दलच्या तर्कांना आधार मिळाला. त्यानंतर २०१५ मध्ये टाइट जंक्शनवरच सूक्ष्म विद्युत मापन करून क्लॉडिन-२ ची छिद्रं मिलिसेकंदांच्या अंतराने उघडतात आणि मिटतात, असं दिसलं. पटलातल्या आयन वाहिन्या अशाच वागतात. फरक इतकाच की हे छिद्र पटलाच्या आरपार नसून दोन पटलांच्या मधून, पटलाला समांतर जातं.

म्हणजे याला विटांमधलं सिमेंट समजायचं का?

शाळेत समजावताना हीच उपमा दिली जाते आणि सुरुवातीला ती उपयोगी पडते. पण सिमेंट वाळलं की तसंच राहतं. टाइट जंक्शनमधली प्रथिनं सतत हलत असतात. जिवंत पेशींमध्ये चमकणारी खूण लावून पाहिलं असता क्लॉडिन-१ बहुतांशी जागेवर राहतं, ऑक्लुडिन पटलात इकडून तिकडे सरकतं आणि झेडओ-१ पेशीद्रव्यातून ये-जा करतं. एकाच जोडातल्या तीन प्रथिनांचा वेग असा वेगवेगळा आहे.

शिवाय आतड्याच्या अस्तरातली पेशी जेमतेम तीन ते पाच दिवस टिकते. जुनी पेशी गळून पडताना तिच्या शेजारणी खालच्या बाजूने एकमेकींकडे सरकतात आणि भोक पडण्याआधीच नवा जोड तयार करतात. रोज अगणित पेशी अशा गळतात आणि तरीही अस्तर सलग राहतं.

'छिद्रांची वाट' आणि 'गळतीची वाट' असं वाचलं. त्या वेगळ्या आहेत?

हो, आणि यांची गल्लत सर्वांत जास्त होते.

छिद्रांची वाट म्हणजे वर सांगितलेली क्लॉडिनची छिद्रं. तिची क्षमता मोठी असते, ती प्रभार ओळखते, पण लहान आयन आणि पाणी यांपलीकडे फारसं काही सोडत नाही. गळतीच्या वाटेची क्षमता कमी असते, तिला प्रभाराशी देणंघेणं नसतं, पण तिच्यातून बरेच मोठे रेणूही जातात. ऑक्लुडिन, झेडओ-१ आणि पेशीतला आकसू शकणारा ॲक्टिन-मायोसिन प्रथिनांचा पट्टा यांच्यावर तिचं नियंत्रण असतं. तिसरी शक्यता म्हणजे पेशी मरून अस्तरच फाटणं. तिथे टाइट जंक्शनचा प्रश्नच उरत नाही आणि जीवाणूसुद्धा आत येऊ शकतात.

२०१९ मधल्या एका प्रयोगाने ही विभागणी फार सुंदर दाखवली. पेशींमधून पाच क्लॉडिन एकदम काढले तेव्हा धागे गेले, आयन मोकळे वाहू लागले, पण मोठे रेणू बऱ्याच अंशी अडलेलेच राहिले. सोबत जॅम-ए काढल्यावर मात्र तोही अडथळा ढासळला.

पारगम्यता मोजतात कशी?

पेशींचा थर सच्छिद्र पडद्यावर वाढवून त्याचा विद्युत रोध मोजतात, एकक ओहम-चौरस सेंटिमीटर. मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागात हा रोध दहाच्या आसपास किंवा कमी असतो. मूत्राशयात तो हजारोंच्या घरात जातो. दुसरी पद्धत म्हणजे ४ किलोडाल्टन (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) वस्तुमानाच्या डेक्स्ट्रानसारखा चमकणारा मोठा रेणू एका बाजूला घालून तो पलीकडे किती पोचतो ते पाहणं. पहिल्या मापनात आयनांची वाट दिसते, दुसऱ्यात मोठ्या रेणूंची. रोध घटला म्हणून 'अस्तरातून विषारी पदार्थ शिरू लागले' असा निष्कर्ष काढणारे लेख दिसले, तर डेक्स्ट्रानचे आकडे दिले आहेत का ते आधी बघा.

माणसांमध्ये लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरा पाजून त्यांचं लघवीतलं प्रमाण पाहतात. संशोधनात ही चाचणी उपयोगी आहे. एका व्यक्तीच्या निदानासाठी मला ती अपुरी वाटते, कारण आतड्याची हालचाल, मूत्रपिंडाचं काम आणि लघवी गोळा करण्याचा काळ या सगळ्यांचा तिच्यावर परिणाम होतो.

फट मुद्दाम गळकी ठेवण्यात शरीराचा काय फायदा?

मूत्रपिंडापासून सुरुवात करू. गाळलेल्या द्रवातलं सोडियम परत घेण्याचं मोठं काम नलिकेच्या सुरुवातीच्या भागात होतं आणि तिथे क्लॉडिन-२ भरपूर असतं. सगळं सोडियम पंपांनीच ओढायचं म्हटलं तर ऊर्जेचा खर्च वाढतो. काही भाग पेशींमधून आपोआप वाहू दिला की ऑक्सिजन वाचतो. क्लॉडिन-२ नसलेल्या उंदरांची मूत्रपिंडं सोडियमचा हिशेब जुळवतात, पण त्यासाठी जास्त ऑक्सिजन वापरतात आणि रक्तपुरवठा तुटला तर त्यांना जास्त इजा होते. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. गळकेपणा इथे काटकसर आहे.

आतड्यातली गोष्ट याहून विलक्षण. ग्लुकोज आणि अनेक अमिनो आम्लं पेशीत शिरतात ती सोडियमला सोबत घेऊन. म्हणजे अन्न शोषायचं तर आतड्याच्या पोकळीत सोडियम हवं. ते केवळ आहारातून पुरत नाही. शोषलेल्या सोडियमचा काही भाग क्लॉडिन-२ आणि क्लॉडिन-१५ च्या छिद्रांतून परत पोकळीत झिरपतो आणि पुन्हा कामाला लागतो. ही दोन्ही क्लॉडिन काढलेली उंदरांची पिल्लं दूध पिऊनही कुपोषणाने मेली. आतड्याचं अस्तर नेहमीपेक्षा घट्ट झालं म्हणून जीव गेला! 'आतडं सील करा' असा सल्ला देणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर विचारात घ्यावा.

एखादं क्लॉडिन जनुकातच बिघडलं तर?

कोणतं क्लॉडिन, यावर सगळं अवलंबून. मूत्रनलिकेतल्या हेन्लेच्या वळणाच्या जाड चढत्या भागात गाळलेल्या मॅग्नेशियमचा मोठा हिस्सा पेशींमधून परत घेतला जातो. १९९९ साली क्लॉडिन-१६ मधल्या उत्परिवर्तनांमुळे होणारा आनुवंशिक आजार ओळखला गेला. त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लघवीतून वाहून जातं, रक्तातलं मॅग्नेशियम घटतं, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं आणि हळूहळू मूत्रपिंड निकामी होतं. क्लॉडिन-१९ बिघडलं तरी हेच होतं, सोबत डोळ्यांचे दोष असतात. पेशीतले पंप धडधाकट असताना केवळ पेशींमधल्या वाटेच्या दोषाने एवढं नुकसान होऊ शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट झालं.

त्याच नळीच्या जवळपास क्लॉडिन-१० बिघडलं तर चित्र उलटं. रक्तातलं मॅग्नेशियम वाढू शकतं, घाम येत नाही, तोंड कोरडं पडतं, अश्रू तयार होत नाहीत.

क्लॉडिन-१४ किंवा ट्रायसेल्युलिनमधल्या दोषांमुळे जन्मजात बहिरेपण येतं, कारण आतल्या कानातल्या द्रवांमधला आयनांचा फरक टिकत नाही. क्लॉडिन-१ नसलेली उंदरांची पिल्लं जन्मल्यावर दिवसभरात त्वचेतून पाणी उडून मरतात. क्लॉडिन-५ चं उदाहरण अभिस्तराचं नाही, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराचं आहे, पण ते सांगायलाच हवं. ते काढल्यावर मेंदूचा अडथळा सरसकट कोसळला नाही. ८०० डाल्टनपेक्षा लहान रेणू तेवढे आत शिरू लागले, मोठे बाहेरच राहिले.

आतड्याच्या दाहात काय बदलतं?

इथे दाहात पेशी सोडतात त्या दोन संदेशवाहक प्रथिनांच्या वेगळ्या आज्ञा वेगळ्या वाटांना जातात. इंटरल्यूकिन-१३ मुळे क्लॉडिन-२ वाढतं आणि छिद्रांची वाट रुंदावते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरमुळे मायोसिन लाइट चेन कायनेज हे विकर जागं होतं, पेशीभोवतीचा ॲक्टिन-मायोसिनचा पट्टा आकसतो, ऑक्लुडिन पटलावरून आत ओढलं जातं आणि गळतीची वाट उघडते. क्रोन आजार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये क्लॉडिन-२ वाढलेलं आढळतं.

पण क्लॉडिन-२ वाढलं म्हणजे नुकसानच, असं मानू नका. उंदरांना सिट्रोबॅक्टर रोडेंशियम हा जीवाणू दिल्यावर इंटरल्यूकिन-२२ मुळे क्लॉडिन-२ वाढतं, पाणी पोकळीत उतरतं, जुलाब होतात आणि जीवाणू धुऊन निघतो. क्लॉडिन-२ नसलेल्या उंदरांचं आजारपण अधिक बिघडलं. संसर्गात जुलाब हा शरीराच्या प्रतिकाराचा भाग असू शकतो, याचा इतका थेट पुरावा २०१७ पूर्वी नव्हता.

जीवाणू आणि विषाणू या प्रथिनांचा वापर करतात का?

करतात. अन्नविषबाधा करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचं विष क्लॉडिन-३ आणि क्लॉडिन-४ ला चिकटतं, पटलात भोक पाडतं आणि पेशी मारतं. हिपॅटायटिस-सी विषाणूला यकृताच्या पेशीत शिरायला क्लॉडिन-१ आणि ऑक्लुडिन दोन्ही लागतात.

कॅल्शियमचा काय संबंध?

पेशीबाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं की ॲधरेन्स जंक्शनमधलं ई-कॅधेरिन (पेशींना जोडून ठेवणारं प्रथिन) सुटतं आणि पाठोपाठ टाइट जंक्शनही विस्कळीत होतं. कॅल्शियम परत दिलं की काही तासांत पुन्हा बांधलं जातं. हा प्रयोगशाळेतला प्रकार आहे. आहारातलं कॅल्शियम वाढवून अस्तर घट्ट होतं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

'लीकी गट' (गळकं आतडं) हा खरा आजार आहे का? झोन्युलिनची चाचणी करून घ्यावी का?

आतड्याची पारगम्यता वाढणं खरं आहे. सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार), क्रोन आजार, गंभीर संसर्ग, काही वेदनाशामक गोळ्या यांत ती वाढलेली मोजता येते. पण थकवा, पुरळ, मूड बिघडणं या सगळ्यांचं एकच मूळ म्हणून 'लीकी गट' नावाचं निदान करण्याइतका पुरावा नाही. आजारामुळे पारगम्यता वाढली की वाढल्यामुळे आजार झाला, हेही बहुतेक ठिकाणी सुटलेलं नाही.

झोन्युलिनची कल्पना ॲलेसियो फसानो यांच्या गटाने मांडली. कॉलऱ्याच्या जीवाणूचं एक विष टाइट जंक्शन सैल करतं, तसंच काम करणारं शरीरातलं प्रथिन असावं, असा तो विचार होता. पुढे ते प्री-हॅप्टोग्लोबिन-२ असल्याचं त्यांनी सांगितलं. अडचण चाचणीची आहे. बाजारातल्या प्रचलित किट हे प्रथिन मोजतच नाहीत, दुसरंच काही मोजतात, असं स्वतंत्र तपासण्यांत आढळलं. अशा आकड्यावरून पूरक गोळ्या किंवा कडक पथ्य सुरू करणं मला योग्य वाटत नाही. पोटाची तक्रार टिकून असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा. सीलिॲक आणि दाहक आजारांसाठी खात्रीच्या तपासण्या उपलब्ध आहेत.

टाइट जंक्शनवर काम करणारी औषधं आहेत का?

सीलिॲक आजारात टाइट जंक्शन बंद ठेवण्यासाठी लॅराझोटाइड नावाचं औषध चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलं. अंतरिम विश्लेषणात पुरेसा फायदा दिसण्याची शक्यता कमी वाटल्याने २०२२ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली. मायोसिन लाइट चेन कायनेज सरसकट रोखणं हाही सोपा उपाय नाही, कारण तेच विकर पेशींच्या इतर अनेक कामांना लागतं.

यश आलं ते वेगळ्याच दिशेने, अडथळा दुरुस्त न करता. क्लॉडिन-१८ चं एक रूप जठराच्या पेशींमध्ये असतं आणि निरोगी ऊतीत ते जोडांमध्ये दडलेलं राहतं. कर्करोगात पेशींची वर-खाली ही रचना बिघडते आणि हे प्रथिन उघडं पडतं. त्याला चिकटणारं झोल्बेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड औषध जठराच्या पुढच्या अवस्थेतल्या कर्करोगासाठी २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मंजूर झालं. ते देण्याआधी गाठीत हे क्लॉडिन पुरेशा पेशींवर आहे का, याची तपासणी करावी लागते. औषध सुरू झाल्यावर मळमळ आणि उलट्यांचा त्रास बऱ्याच रुग्णांना होतो.